झेरॉक्समध्ये अर्धी झालेली जमीन

समजा, पेडणे तालुक्यातल्या तोरसें गावात तीन भावांची वडिलोपार्जित जागा आहे. दोघे भाऊ गावीच, तिसरा मुंबईत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आजूबाजूच्या जमिनीला भाव आला आणि आजवर कुणी फारसं लक्ष न दिलेल्या जागेच्या वाटणीचा विषय घरात निघाला. गावच्या भावाने सर्व्हे प्लॅन काढला. प्लॅन ए-थ्री आकाराच्या कागदावर होता, घरच्या फाईलमध्ये बसेना. म्हणून त्याने झेरॉक्सच्या दुकानात तो ए-फोरवर करून घेतला, एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि एक मुंबईला कुरिअरने पाठवली.

मुंबईच्या भावाने कागदावरचं प्रमाण वाचलं : १:१०००. म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर, जमिनीवर दहा मीटर. फूटपट्टी घेतली. जागा साधारण आयताकृती. एक बाजू ३ सेंमी, दुसरी सव्वाचार. म्हणजे ३० मीटर गुणिले साडेबेचाळीस मीटर, १,२७५ चौरस मीटर. गावचे दोघे तर अडीच हजार चौरस मीटर म्हणून सांगत होते. मग फोन झाले, आवाज चढले. उरलेली अर्धी जमीन कुणाच्या नावावर गेली, असा प्रश्न आला.

जमीन कुणीच घेतलेली नव्हती. मूळ कागदावर बाजू ४.२ आणि ६ सेंमी होत्या, म्हणजे जागा ४२ बाय ६० मीटर, २,५२० चौरस मीटर. अर्धी जमीन झेरॉक्सच्या मशीनने खाल्ली.

हे तीन भाऊ कल्पनेतले आहेत, पण हिशोब खरा आहे आणि तो कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात करून बघता येतो. ए-थ्रीवरून ए-फोरवर आणताना मशीनच्या पडद्यावर ७१ टक्के असा आकडा दिसतो. लोक समजतात, २९ टक्के लहान झालं. लांबी तेवढीच कमी होते हे खरं. पण रुंदीही तितकीच कमी होते. ०.७१ गुणिले ०.७१ केलं की ०.५०४ येतात. क्षेत्रफळ सरळ निम्मं. ए-मालिकेचे कागद मुद्दाम तसेच बेतलेले आहेत. ए-थ्री मधोमध दुमडला की ए-फोर होतो, आकार तोच राहतो, क्षेत्रफळ अर्धं होतं.

एक बिंदू आणि एक आकडा

भूमितीत या ताणण्या-आकसण्याला डायलेशन म्हणतात. मराठीत प्रमाणबद्ध विस्तार म्हणता येईल, मात्र त्यात लहान करणंही आलं. नाव भारदस्त असलं तरी काम रोजचं आहे. मोबाइलवर फोटो दोन बोटांनी मोठा करणारा प्रत्येक माणूस ते करत असतो.

त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, एक बिंदू आणि एक आकडा. बिंदू म्हणजे केंद्र, जे जागचं हलत नाही. आकडा म्हणजे किती पट. कागदावर एक त्रिकोण काढा. बाजूला कुठेही एक टिंब द्या. टिंबापासून त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यातून जाणारी सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेवर टिंबापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर दुप्पट करून खूण करा. तीन खुणा जोडल्या की नवा त्रिकोण तयार. त्याची प्रत्येक बाजू जुन्या बाजूला समांतर असते, कोन जसेच्या तसे राहतात, लांबी दुप्पट होते. नव्या त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडून बघितलं तर आत जुन्यासारखे बरोबर चार त्रिकोण बसतात. लांबी दोन पट, जागा चार पट. तीन पट ताणलं तर नऊ त्रिकोण बसतील. झेरॉक्सने उलट दिशेने तेच केलं.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या ‘गणित भाग २’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण समरूपतेचं आहे आणि समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे प्रमेय त्यात आहे. गोव्यात दहावीला एनसीईआरटीचं गणिताचं पुस्तक चालत आलंय. एनसीईआरटीने २०२२-२३ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना नेमका समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा भाग गाळला. सातार्ड्याच्या मुलाच्या पुस्तकात जे प्रमेय आहे, ते पलीकडे पेडण्याच्या मुलाच्या पुस्तकात नाही, अशी स्थिती झाली. जमिनीचे व्यवहार मात्र दोन्हीकडे जोरात. गाळायला दुसरं काही सापडलं नसतं का, असं वाटल्यावाचून राहत नाही.

केंद्राची गोष्ट डोळ्यांनी बघायची तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही जपला आहे. या कलांसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावलीच्या खेळात दिवा हे केंद्र, बाहुली ही मूळ आकृती आणि पडद्यावरची सावली ही ताणलेली आकृती. दिव्यापासून पडदा दीड मीटरवर आणि बाहुली एक मीटरवर धरली तर सावली दीडपट. तीच बाहुली दिव्याकडे सरकवून अर्ध्या मीटरवर आणली की सावली तिप्पट. बाहुली तीच, पण पडद्यावरचा राक्षस अंगावर येतो. भूमितीच्या पुस्तकातलं केंद्र एक टिंब असतं, इथे ते दिव्याच्या ज्योतीएवढं असतं. त्यामुळे सावली मोठी होते तशा तिच्या कडा पुसट होत जातात.

नकाशावरचा चौरस सेंटीमीटर

सर्व्हे प्लॅन हेही तसंच चित्र आहे, फक्त उलट्या दिशेचं. आख्खी वाडी हजार पटीने आकसून कागदावर उतरवलेली असते. १:१००० मध्ये लांबी हजारावा भाग होते, तर क्षेत्रफळ हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखावा भाग. त्यामुळे कागदावरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० चौरस मीटर.

सीमेवरच्या लोकांना हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यातला एक-चौदाचा उतारा जाऊन सातबारा येतो आणि बोलण्यात चौरस मीटरऐवजी गुंठे येतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, जवळपास १०१ चौरस मीटर. थोडक्यात, १:१००० च्या नकाशावर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे एक गुंठा, थोडासा कमी. वाटेत सहज अंदाज बांधायला एवढं पुरे.

पण नकाशा १:२००० चा असेल तर हा अंदाज जोरात फसतो. तिथे एक सेंटीमीटर म्हणजे वीस मीटर, आणि एक चौरस सेंटीमीटर म्हणजे दोनशे नव्हे, चारशे चौरस मीटर. १:२००० चा नकाशा कुणी १:१००० समजून मोजला तर त्याला जमीन पाव दिसेल. प्रमाणाचा आकडा आधी वाचावा, मग फूटपट्टी काढावी.

आणि आकडा वाचून झाला तरी काम संपत नाही. १:१००० हे छापलेलं अक्षर आहे. कागद आकसला तरी ते बिचारं १:१००० च म्हणत राहतं, त्याला काही कळत नाही. ए-थ्रीचा ए-फोर झाला हे निदान हाताला जाणवतं. जास्त धोका आहे तो प्रिंटरच्या ‘फिट टू पेज’ या पर्यायाचा. पीडीएफ उघडली, बटण दाबलं, कागद बाहेर आला, बघायला सगळं ठीक. प्रत्यक्षात प्रिंटरने कडेला मोकळी जागा सोडण्यासाठी चित्र थोडं आकसलेलं असतं. समजा सहा टक्के आकसलं. ०.९४ चा वर्ग ०.८८ च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळात बारा टक्क्यांची तूट. तोरसेंच्या त्या २,५२० चौरस मीटरांतले सुमारे २९० गायब. जवळपास तीन गुंठे. तेवढ्या जागेत घर आणि पुढचं अंगण मावतं.

उपाय साधा आहे. नकाशावर प्रमाणाची पट्टी काढलेली असेल, म्हणजे ० – १० – २० – ३० मीटर अशा खुणांची रेघ, तर ती नकाशाबरोबरच आकसते किंवा ताणते. तिच्यावर भरवसा ठेवता येतो, छापील आकड्यावर नाही. पट्टी नसेल तर झेरॉक्स काढताना मूळ नकाशाच्या कडेला एक फूटपट्टी ठेवून तिच्यासकट प्रत काढावी. प्रतीवर फूटपट्टीचे दहा सेंटीमीटर किती भरतात ते मोजलं की किती पट आकसलं ते कळतं. ७.१ भरले तर ०.७१ पट. मग मोजलेल्या लांबीला ०.७१ ने भागायचं आणि क्षेत्रफळाला ०.७१ ने दोनदा. १,२७५ भागिले ०.५०४ केलं की २,५३० येतात. फूटपट्टीने मोजण्यातली थोडी चूक सोडली तर आकडा जागेवर आला.

खरं तर मुंबईच्या भावाने फूटपट्टी काढण्याआधी एक-चौदाचा उतारा बघायला हवा होता. क्षेत्रफळ त्यावर लिहिलेलंच असतं. कागदावरून मोजणं हे अंदाजासाठी आणि चूक पकडण्यासाठी. हद्दीचा वाद असेल तर रीतसर मोजणीच लागते, तिथे झेरॉक्स चालत नाही.

जे ताणणं प्रमाणबद्ध नसतं

हल्ली नकाशा कुरिअरने कोण पाठवतो? टेबलावर कागद पसरायचा, मोबाइलने फोटो काढायचा, व्हॉट्सअॅपवर टाकायचा. इथे प्रकरण आणखी बिघडतं. मोबाइल जरा तिरका असेल तर कागदाची जवळची कड मोठी आणि दूरची लहान येते. समांतर हद्दी एकमेकींकडे झुकतात, काटकोन काटकोन राहत नाही. कोन बदलले की ते डायलेशन उरलं नाही, आणि एका आकड्याने भागून ते दुरुस्तही होत नाही. स्कॅनिंगची अॅप कागदाचे चार कोपरे ओळखून चौकट सरळ करतात, ते उपयोगाचं आहे. पण मूळ कागद केवढा होता हे अॅपला ठाऊक नसतं. तिथेही फूटपट्टी शेजारी ठेवूनच फोटो काढावा.

दुसरा नमुना रस्त्यावर बघायला मिळतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा आडवा बॅनर, आणि त्यावर पासपोर्ट आकाराच्या फोटोतून काढलेला उत्सवमूर्तीचा चेहरा. जागा भरायची म्हणून फोटो फक्त आडवा ताणलेला. लांबी दुप्पट, उंची तेवढीच. कपाळावरचा गोल टिळा लंबगोल होतो आणि माणूस एका रात्रीत जाडजूड दिसू लागतो. बॅनरवाल्याने कोपरा धरून ओढायच्या ऐवजी बाजू धरून ओढली, एवढीच चूक. कोपरा धरून ओढलं तर दोन्ही दिशांना सारखंच ताणलं जातं आणि माणूस ओळखू येतो. रांगोळीवाले किंवा नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रावर चौकटी आखून मोठ्या चौकटींत उतरवतात, तेही याच कारणासाठी. चौकट चौरसच राहिली पाहिजे.

एक फुटाची मूर्ती, दोन फुटांची मूर्ती

इथपर्यंत सगळं कागदावर चाललं होतं. वस्तू हातात घेण्यासारखी झाली की तिसरी बाजू येते, आणि हिशोब आणखी वेगाने पळतो.

चवथीच्या दोन महिने आधी पेडणे, डिचोलीच्या चित्रशाळांत आणि सिंधुदुर्गातल्या गणपतीच्या शाळांत मूर्तींची मागणी नोंदवायला लोक येतात. गेल्या वर्षी एक फुटाची होती, यंदा दोन फुटांची करूया, असं एखाद्या घरचे ठरवतात आणि पैसे दुप्पट होतील असं मनात धरून येतात. मूर्तिकार आकडा सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. मूर्तिकार लुबाडत नसतो. मूर्ती त्याच ठेवणीची आणि उंची दुप्पट, म्हणजे रुंदी दुप्पट आणि जाडीही दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. एक फुटाच्या भरीव मूर्तीला सहा किलो माती लागली असेल तर दोन फुटांच्या भरीव मूर्तीला अठ्ठेचाळीस किलो लागेल. मूर्ती आतून पोकळ ठेवली आणि भिंतीची जाडी तेवढीच राखली तर चौपट माती. पण मोठी मूर्ती तेवढ्याच पातळ भिंतीवर उभी राहायला धजत नाही, म्हणून जाडी थोडी वाढवावी लागते आणि प्रत्यक्षातला आकडा चौपट ते आठपटीच्या मध्ये कुठेतरी पडतो. रंग पृष्ठभागाला लागतो, तो चौपट. जाड भागांना सुकायला जास्त दिवस हवेत, आणि दिवस पावसाचे.

मूर्ती घरी नेतानाही हेच गणित आडवं येतं. वजन आठपट झालं, पण मूर्ती पाटावर टेकते ती जागा फक्त चौपट. म्हणजे बैठकीच्या प्रत्येक बोटभर जागेवर दुप्पट भार. लहान मूर्तीत निभावून गेलेला बारीक हात किंवा सोंडेचं टोक मोठ्या मूर्तीत तडकतं ते यामुळेच.

डिचोलीच्या पितळी समयांचंही तसंच. दुप्पट उंचीची समई, त्याच नमुन्याची, भरीव घडवली तर पितळ आठपट. पितळ किलोने विकलं जातं, त्यामुळे तिथे भाव बघून गणित आपोआप कळतं. मातीच्या वस्तूत ते झाकलेलं राहतं.

गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात नेमकी हीच गोष्ट मांडली. प्राणी जसाच्या तसा मोठा करत गेलं तर त्याची हाडं त्याला पेलणार नाहीत. मोठ्या प्राण्याला प्रमाणापेक्षा जाड हाडं लागतात. त्यासाठी इटलीला जायचं कारण नाही. पेडण्याच्या भगवती मंदिरासमोर दोन मोठे दगडी हत्ती उभे आहेत. त्यांचे पाय बघावेत, खांबच ते. आता एक बकरी घ्या, दोन फूट उंचीची, तीस किलो वजनाची. तिला पाचपट ताणून दहा फुटी केली तर वजन १२५ पट, पावणेचार टन. पण पायाचा छेद पंचवीसपटच वाढेल. प्रत्येक पायावर, तेवढ्याच जागेवर, पाचपट भार. अशी बकरी उभी राहणार नाही. हत्तीचे पाय जाड आहेत कारण हत्ती ही ताणलेली बकरी नाही.

जत्रेच्या महाप्रसादाला हा नियम उलट मदतीला येतो. घरच्या टोपाच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच टोपात आठपट वरण मावतं, पण थंड व्हायला बाहेरची बाजू चौपटच. म्हणून मोठ्या टोपातलं वरण शेवटची पंगत उठेपर्यंत गरम असतं, आणि घरी वाटीत काढून ठेवलेलं पाच मिनिटांत निवतं.

ढीग

डिचोली तालुक्यात खनिजाचे ढीग लोकांच्या डोळ्यांसमोरचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, नंतर लिलाव होऊन काही पुन्हा सुरू झाल्या. ट्रकने ओतलेला सुटा माल, मग तो खनिज असो, रेती असो की खळ्यावरचं भात, एका ठरावीक उतारावर थांबतो. त्याहून तीव्र उतार झाला की माल घरंगळतो. त्यामुळे एकाच मालाचा लहान ढीग आणि मोठा ढीग आकाराने सारखेच असतात. निसर्गाने स्वतः केलेलं डायलेशनच म्हणायचं.

घर बांधणाऱ्याने रेतीच्या ढिगाकडे म्हणूनच जपून बघावं. अंगणात टाकलेला शंकूसारखा ढीग एक मीटर उंचीचा होता, गवंड्यांनी चहूबाजूंनी सारखी रेती उचलली आणि ढीग आपोआप घसरत पुन्हा शंकूच झाला. उंची आता अर्धा मीटर. घरधनी म्हणतो, निम्मी रेती आहे अजून, पुढच्या आठवड्यात मागवू. पण उंची निम्मी म्हणजे रुंदीही निम्मी, लांबीही निम्मी, आणि रेती आठवा हिस्सा. आठातले सात भाग भिंतीत गेलेले आहेत. काम दुसऱ्या दिवशी दुपारी थांबतं.

निम्मी रेती संपते तेव्हा ढीग फार खाली आलेला दिसतच नाही. एक मीटरचा ढीग ७९ सेंटीमीटरवर आला की नवा ट्रक सांगायची वेळ झालेली असते.